प्याल्याच्या आधीचा सॉक्रेटिस

सॉक्रेटिस म्हटले की बहुतेकांना तुरुंग, रडणारे मित्र आणि विषाचा प्याला एवढेच आठवते. आपल्याकडच्या वक्तृत्व स्पर्धांत हा प्याला कित्येक पिढ्या फिरतो आहे. सत्यासाठी प्राण देणाऱ्यांची नावे घ्यायची झाली की पहिले त्याचे, पुढची वक्त्याच्या सोयीने. त्यात खोटे काही नाही. इ. स. पू. ३९९ मध्ये अथेन्सच्या न्यायालयाने त्याला देहान्ताची शिक्षा दिली, पळून जायची सोय मित्रांनी केली होती, आणि तो पळाला नाही. पण मरताना हा गृहस्थ सत्तर वर्षांचा होता. त्यातला शेवटचा एक महिना बाजूला ठेवला, तर बाकीचे आयुष्य त्याने कशात घालवले हे विचारायचे आपल्याला सहसा सुचत नाही.

प्रस्तुत संग्रह त्या बाकीच्या आयुष्याबद्दल आहे. लेखक सगळे पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यातले. त्यांत गुणवत्ता विभागातले दोन अभियंते आहेत, आयटीआयचा एक शिल्प निदेशक आहे, निवृत्त कामगार आहेत, हौशी रंगकर्मी आहेत, तत्त्वज्ञान शिकवणारी एक प्राध्यापिका आहे आणि एक कीर्तनकारही आहे. ग्रीक भाषा यांतल्या कुणालाच येत नाही. मलाही येत नाही. इंग्रजी-मराठी अनुवादांवर आम्हा सगळ्यांची भिस्त. ज्यांना या विषयाचा काहीच परिचय नाही अशा वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगणे एवढे काम संपादकांनी माझ्याकडे दिले. ते करता करता माझे एक म्हणणेही मांडणार आहे.

पहिली अडचण अशी की सॉक्रेटिसाने एक ओळही लिहिली नाही. त्याच्याविषयी आपल्याला जे ठाऊक आहे ते सगळे दुसऱ्यांच्या तोंडून. त्यातला सर्वांत जुना साक्षीदार म्हणजे विनोदी नाटककार ॲरिस्टोफेनिस. त्याच्या ‘मेघ’ या नाटकात, इ. स. पू. ४२३ मध्ये, सॉक्रेटिस टोपलीत बसून अधांतरी लटकतो आणि पोरांना खोट्याचे खरे करायला शिकवतो. म्हणजे जिवंतपणीच हा माणूस रंगभूमीवर आला, आणि आला तो थट्टेचा विषय होऊन. नंतरचे दोन साक्षीदार त्याचे शिष्य. झेनोफन सैनिकी बाण्याचा. त्याचा सॉक्रेटिस शहाणा, व्यवहारी, जरासा कंटाळवाणा. प्लेटोचा सॉक्रेटिस बोलका, खोडकर, पकडीत न येणारा. चौथा ॲरिस्टॉटल, जो सॉक्रेटिस गेल्यानंतर पंधरा वर्षांनी जन्मला. यांतला खरा कोणता, यावर विद्वानांनी दोनशे वर्षे डोकेफोड केली आहे. सामान्य वाचकाने त्यात फार अडकू नये. प्लेटोचे ‘अपॉलॉजी’ हे कोर्टातले भाषण आणि त्याच्या सुरुवातीच्या काळातले छोटे संवाद वाचले, तरी हा माणूस काय करायचा ते ध्यानात येते.

तो काय करायचा? बाप सोफ्रोनिस्कस पाथरवट, आई फेनारेटी सुईण. स्वतः काही काळ बापाचा धंदा केला असावा असे सांगतात. पुढे मात्र अनवाणी बाजारात जायचे आणि भेटेल त्याला विचारायचे: धैर्य म्हणजे काय? धर्माचरण म्हणजे काय? सेनापतीला धैर्याबद्दल, पुरोहितासारख्या माणसाला पवित्र कर्माबद्दल. समोरचा उत्तर देतो, सॉक्रेटिस आणखी एक साधा प्रश्न विचारतो, मग आणखी एक, आणि पाच-सात प्रश्नांत समोरच्याचे पहिले विधान त्याच्याच दुसऱ्या विधानाशी भांडू लागते. त्याची उदाहरणे असायची ती जोडे शिवणाऱ्याची, लोहाराची, कातडे कमावणाऱ्याची, ओझ्याच्या गाढवाची. वरवर ऐकणाऱ्याला ती हास्यास्पद वाटत. प्लेटोच्या ‘सिंपोझियम’ संवादात अल्सिबायडीज तसे बोलूनही दाखवतो.

अथेन्सच्या बाजारचौकाच्या कडेला सायमन नावाचा जोडे शिवणारा होता, सॉक्रेटिस त्याच्या दुकानात येऊन बसे, आणि तो गेला की आठवेल तेवढे बोलणे सायमन लिहून ठेवी, अशी एक कथा तत्त्वज्ञांची चरित्रे लिहिणाऱ्या डायोजिनिस लाएर्शियसने सांगितली आहे. बराच काळ अभ्यासक ती दंतकथाच मानत. १९५० च्या दशकात अमेरिकन पुरातत्त्वज्ञांनी त्या चौकाच्या कोपऱ्यावर एक लहान घर खणले. तिथे जोड्यांच्या तळव्याला मारायच्या लोखंडी चुका सापडल्या, हाडाच्या कड्या सापडल्या आणि एका काळ्या पेल्याचे फुटके बूड सापडले, ज्यावर ‘सायमनचा’ अशा अर्थाची अक्षरे कोरलेली होती. हे त्याच सायमनचे दुकान याचा पक्का पुरावा कुणी देऊ शकणार नाही. पण तत्त्वज्ञान हे टाचणी, चुका, चामड्याचा वास आणि गिऱ्हाइकाची ये-जा यांच्या मध्ये बसून होत असे, हे त्या बुडाकडे पाहून पटते. या संग्रहातल्या लेखकांना या दुकानाचे विशेष आकर्षण वाटले, आणि ते साहजिक आहे.

इथे एक खबरदारी घ्यायला हवी. सॉक्रेटिसाला कामगारांचा कैवारी करण्याचा मोह या पट्ट्यात कुणालाही होईल. तसा तो नव्हता. ‘अपॉलॉजी’त तो सांगतो, की राजकारणी आणि कवी यांना तपासून झाल्यावर मी कारागिरांकडे गेलो. त्यांना खरोखरच पुष्कळ चांगल्या गोष्टी येत होत्या, ज्या मला येत नव्हत्या. त्या बाबतीत ते माझ्याहून शहाणे. मात्र आपली कला येते म्हणून जगातल्या सर्वांत मोठ्या गोष्टीही आपल्याला कळतात असा त्यांचा समज होता, आणि त्याने त्यांचे शहाणपण झाकोळले होते. स्तुती आणि टोला एकाच दमात. त्याच्यावर फिर्याद करणाऱ्या तिघांपैकी अनिटस हा कातडी कमावण्याच्या धंद्यात पैसा केलेला पुढारी होता. झेनोफन सांगतो, की पोराला फक्त कातड्याच्या धंद्यात घालू नकोस असे सॉक्रेटिसाने अनिटसला ऐकवले होते, आणि तो राग त्याच्या मनात होता. कारखानदाराला त्याच्या मुलाच्या शिक्षणावरून बोल लावला की काय होते, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

त्याच्यामागे त्याची म्हणून एक शाळा उरली नाही, अनेक उरल्या, आणि त्या एकमेकींच्या उलट दिशांना गेल्या. प्लेटोने अकादमी काढली. अँटिस्थेनिसने साधेपणा उचलला; त्या वाटेवर पुढे रांजणात राहणारा डायोजिनिस आला. ॲरिस्टिपसने त्याच गुरूकडून सुखवाद शिकलो असे म्हटले. मेगाराच्या युक्लिडने नुसता तर्क घेतला. शंभरेक वर्षांनी खुद्द प्लेटोच्या अकादमीतच आर्सेसिलेसने पवित्रा घेतला, की कशाचीच खात्री देता येत नाही, आणि हाच खरा सॉक्रेटिसाचा वारसा. स्टोइक पंथाची सुरुवात तर एका पुस्तकाच्या दुकानात झाली असे सांगतात. सायप्रसचा व्यापारी झेनो जहाज बुडाल्यावर अथेन्समध्ये आला, दुकानात कुणीतरी झेनोफनच्या सॉक्रेटिसाच्या आठवणी वाचत होते, आणि झेनोने विचारले, ‘अशी माणसे कुठे भेटतात?’ एका गुरूच्या नावावर विरक्तही दावा सांगतात आणि भोगवादीही, श्रद्धावानही आणि संशयवादीही, याचे कारण उघड आहे. त्याने उत्तरे मागे ठेवलीच नव्हती.

अरबांनी या माणसाला सुक्रात म्हणून आपलेसे केले. नवव्या शतकातल्या अल-किंदीने त्याच्यावर लिहिले. तिथे त्याची आणि डायोजिनिसची सरमिसळ झाली, आणि सुक्रात रांजणात राहू लागला. फारसी-उर्दू वाटेने तो हिंदुस्थानात आला तो जहराचा प्याला घेऊनच. युरोपने त्याला चित्रांत आणि दगडांत बसवले. दिसायला तो कुरूप होता: बसके नाक, बटबटीत डोळे, सुटलेले पोट. देखणेपणालाच सद्गुण समजणाऱ्या ग्रीकांपुढे हा मोठाच पेच होता. लिसिपसने त्याचा ब्राँझचा पुतळा केला, आणि आज संग्रहालयांतून दिसणारी त्याची कित्येक शिल्पे त्या परंपरेतली मानली जातात. राफेलच्या ‘स्कूल ऑफ अथेन्स’मध्ये तो बोटांवर मुद्दे मोजत समोरच्यांशी बोलताना दिसतो. हे भित्तिचित्र १५०९ ते १५११ च्या दरम्यानचे. लोकांच्या मनात मात्र ठसले ते झाक-लुई दाविदचे १७८७ चे चित्र. पिळदार देहाचा सॉक्रेटिस एक हात प्याल्याकडे नेतो आहे, दुसऱ्याचे बोट आकाशाकडे, आणि पलंगाच्या पायथ्याशी म्हातारा प्लेटो मान खाली घालून बसला आहे. प्लेटो त्या दिवशी तिथे नव्हता. आजारी होता, असे त्याने स्वतःच नोंदवले आहे. शिवाय तेव्हा तो जेमतेम तिशीला आलेला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या उंबरठ्यावर दाविदला हुतात्मा हवा होता. सुटलेल्या पोटाचा, वाद घालणारा म्हातारा त्याच्या कामाचा नव्हता.

माझे म्हणणे इथून सुरू होते. चित्रकाराला प्याला दाखवता येतो, प्रश्न दाखवता येत नाही. शिल्पकाराचेही तेच. सूर मात्र थोडे पुढे जाऊ शकतात: एरिक सातीने १९१८ मध्ये पुऱ्या केलेल्या ‘सोक्रात’मध्ये मृत्यूचा प्रसंग इतका कोरडा, बिनआक्रोशाचा ठेवला आहे, की ऐकणाऱ्याला रडायला जागाच मिळत नाही. तरीही प्रश्न-उत्तराची झटापट दाखवायची तर दोन माणसे समोरासमोर हवीत, तिसऱ्याने ती पाहायला हवी. प्लेटोने म्हणूनच ग्रंथ न लिहिता संवाद लिहिले. सॉक्रेटिसाचा कलेतला खरा वारसा नाटकात आहे असे मी मानतो, आणि मराठी माणसाला हे कळायला अथेन्सला जावे लागत नाही.

नाटकाकडे येण्यापूर्वी थोडे आजूबाजूला. आपल्या पट्ट्यातून दोन जुने रस्ते जातात, एक मुंबईकडे आणि एक नाशिककडे. मुंबईच्या वाटेवर कार्ल्याचे लेणे आहे. तिथल्या चैत्यगृहाचे कित्येक खांब धेनुकाकट गावच्या यवनांनी दान दिल्याचे त्या खांबांवरच कोरले आहे. नाशिकच्या वाटेने चाकणवरून पुढे गेले की जुन्नर. तिथल्या लेण्यांत चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला, इरिल नावाच्या यवनाने पाण्याची टाकी दिली. हे यवन रक्ताने ग्रीक होते की ग्रीक वळणाचे व्यापारी, यावर वाद आहे. तरी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नाणेघाट चढून आलेली माणसे इथल्या भिक्षूंच्या जेवणाची आणि पाण्याची सोय करत होती, एवढे नक्की. मिनँडर म्हणजे मिलिंद हा यवन राजा आणि भिक्षू नागसेन यांची प्रश्नोत्तरे ज्यांनी वाचली आहेत, त्यांना अशा पंगतीत काय बोलणे होत असेल याची कल्पना करता येईल. ग्रीक परंपरेतही एक मजेदार कथा आहे. ॲरिस्टॉक्सेनसच्या नावावर ती सांगितली जाते. एक हिंदी माणूस अथेन्समध्ये सॉक्रेटिसाला भेटला. तू कशाचा शोध घेतोस, असे त्याने विचारले. सॉक्रेटिस म्हणाला, मानवी जीवनाचा. त्यावर तो हसला: दैवी गोष्टी कळल्याशिवाय मानवी गोष्टी कशा कळतील? भेट झाली असेल असे मला वाटत नाही. पण सॉक्रेटिसालाच प्रश्न विचारून निरुत्तर करणारा आपला माणूस, ही कल्पना कुणा ग्रीकाला सुचली, हे मला आवडते.

आधुनिक काळात सॉक्रेटिस आपल्याकडे आला तो आरोपीच्या पिंजऱ्यातून. १९०८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गांधीजींनी ‘इंडियन ओपिनियन’मध्ये ‘अपॉलॉजी’चा गुजराती सारानुवाद छापला. एका सत्यवीराची कथा म्हणून त्यांनी तो दिला होता. मुंबई सरकारने १९१० मध्ये ‘हिंद स्वराज’बरोबर ही पुस्तिकाही जप्त केली. दोन हजार तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाची सरकारला भीती वाटावी, यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र नाही. मराठीत वामन मल्हार जोशी यांनी ‘सॉक्रेटिसाचे संवाद’ आणले. कादंबरीत पात्रांना तासन्‌तास चर्चा करायला लावणारे वामनराव या कामासाठी जणू जन्मलेच होते. अमळनेरला प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये उभारलेले तत्त्वज्ञान मंदिर, पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाचे ‘परामर्श’, मे. पुं. रेगे यांच्या संपादनाखालचे वाईचे ‘नवभारत’, या ठिकाणी ग्रीक तत्त्वज्ञानाची गंभीर चर्चा होत राहिली. पण तिचा वाचक हाताच्या बोटांवर मोजण्याइतका.

ते कुंपण मोडले रंगभूमीने. मकरंद साठे यांचे ‘सूर्य पाहिलेला माणूस’ १९९९ मध्ये अतुल पेठे यांच्या दिग्दर्शनाखाली आले, आणि सॉक्रेटिस झाले डॉ. श्रीराम लागू. शीर्षक प्लेटोच्या गुहेच्या रूपकाकडे बोट दाखवणारे: गुहेतल्या सावल्या सोडून बाहेर गेलेला आणि सूर्य पाहून परत आलेला माणूस. लागूंनी तेव्हा सत्तरी ओलांडली होती, म्हणजे खटल्याच्या वेळच्या सॉक्रेटिसाच्याच वयाचे. देवाला आता निवृत्त करा असे जाहीरपणे म्हणणारा नट ‘देव न मानणारा’ या आरोपाखालच्या माणसाची भूमिका करतो आहे, हे प्रेक्षकाला विसरणे शक्य नव्हते. या नाटकात विचार करताना माणूस कसा दिसतो ते दिसले. बोलता बोलता थांबणे, समोरच्याच्या उत्तराची खरोखर वाट पाहणे, हे ‘नटसम्राट’ गाजवलेल्या नटाने इतक्या संयमाने करावे, याचे मला आजही नवल वाटते.

पुढचा टप्पा रक्ताचा आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी ते गेले. त्यानंतर अतुल पेठे यांच्या मार्गदर्शनाखाली अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी रिंगणनाट्य उभे केले: ‘सॉक्रेटिस ते दाभोलकर-पानसरे व्हाया तुकाराम’. नेपथ्य नाही, पडदा नाही. वारीतल्या रिंगणासारखे लोक गोल बसलेले आणि मधोमध नाटक. अथेन्सचा चौक महाराष्ट्राच्या गावोगावच्या चौकांत आला तो असा.

त्या नावातला ‘व्हाया तुकाराम’ हा थांबा आमच्या दारातला आहे. देहू पिंपरी-चिंचवडला लागून. तुकोबांची साधनेची जागा म्हणून परंपरा सांगते तो भामचंद्र डोंगर चाकणच्या औद्योगिक वसाहतीच्या कडेला. २००८ मध्ये त्याच परिसरात एका बहुराष्ट्रीय रसायन कंपनीच्या केंद्राविरुद्ध वारकरी रस्त्यावर उतरले आणि ते केंद्र तिथे झाले नाही. वाणसामानाचा धंदा केलेला, बाजारच्या भाषेत बोलणारा, धर्मपीठाने ज्याच्या वह्या पाण्यात घालायला लावल्या असा कवी आणि अनवाणी सॉक्रेटिस यांची जोडी लावणे सोपे आहे. आमच्या कीर्तनकार लेखकाने ती लावली आहे आणि रंगवलीही आहे. मला मात्र फरक जास्त मोलाचा वाटतो. तुकोबांच्या पायाखाली अनुभवाची जमीन आहे. विठ्ठलाशी भांडतात तेसुद्धा विठ्ठल आहे म्हणून. सॉक्रेटिसाकडे फक्त ‘हे करू नको’ असे सांगणारा एक आतला आवाज होता. काय करावे, हे तो आवाज कधी सांगत नसे.

आता कारखान्याकडे. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, साठच्या दशकात टेल्को आणि बजाज आले. १९८२ मध्ये महापालिका झाली. शतक उलटताना चाकणच्या माळावर गाड्यांचे कारखाने आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो व्हेंडर उभे राहिले. २०१६ मध्ये साहित्य संमेलन आणि २०२४ च्या जानेवारीत शंभरावे नाट्यसंमेलन याच शहरात भरले, तरी बाहेरच्यांच्या लेखी ही ‘विचारांची’ जागा नाही. आणि गंमत अशी, की ‘का?’ हा प्रश्न दिवसातून सर्वांत जास्त वेळा महाराष्ट्रात कुठे विचारला जात असेल, तर तो इथे.

जपानहून, टोयोटाच्या पद्धतीतून आलेले ‘व्हाय-व्हाय ॲनालिसिस’ या पट्ट्यातल्या प्रत्येक सुपरवायझरला तोंडपाठ आहे. गिऱ्हाइकाकडून तक्रार आली की फॉर्म भरायचा, पाच वेळा ‘का’ विचारायचे. संग्रहातल्या एका लेखात असा एक फॉर्म जवळून दाखवला आहे. बोअर अंडरसाइज का? इन्सर्ट घासले होते. का? वेळेत बदलले नाही. का? टूल लाइफचा काउंटर रिसेट झाला नव्हता. का? शिफ्ट बदलताना रिसेट कुणी करायचे ते ठरले नव्हते. का? इथे पाचव्या रकान्यात खरे उत्तर असे होते, की माणसे कमी केल्यावर एका ऑपरेटरकडे दोन मशिने आली आणि ते काम कुणाच्याच वाट्याला राहिले नाही. लिहिले गेले: ‘ऑपरेटरला प्रशिक्षण दिले.’ चाकणमध्ये कुणालाही विचारा, निम्म्या फॉर्मांचा शेवट या वाक्याने होतो. चौथ्या ‘का’पर्यंत प्रश्न यंत्राला असतो, पाचवा केबिनच्या दारावर जातो आणि तिथे अडतो.

या दोन प्रश्नपद्धतींतला फरक ओळखणे हे मला या पुस्तकाचे सर्वांत मोठे काम वाटते. पाच ‘का’ कारणापर्यंत नेतात. दोष सापडला की थांबतात, आणि थांबायलाच हवे, कारण लाइन चालू करायची असते. सॉक्रेटिस कारण विचारत नाही. ‘चांगले काम म्हणजे काय, असे तू म्हणतोस?’ असे तो विचारतो, आणि उत्तर देणाऱ्याला स्वतःच्या बोलण्याला जबाबदार धरतो. त्याचा प्रश्न कुठल्याही दारावर अडत नाही, म्हणून तो धोक्याचा. कंपन्यांच्या प्रशिक्षणात ‘सॉक्रेटिक पद्धत’ नावाच्या स्लाइड्स दाखवतात तेव्हा नेमके हेच काढून टाकलेले असते. उरतात ती ‘ओपन-एंडेड’ प्रश्नांची उदाहरणे.

हा विषय आज का, असे विचारणाऱ्यांनी आपला मोबाइल उघडावा. बदलासाठी शक्ती नवे उभारण्यात लावा अशा आशयाचे सॉक्रेटिसाच्या नावावर फिरणारे वाक्य १९८० मधल्या एका अमेरिकन पुस्तकातले आहे. त्यात पेट्रोल पंपावरच्या एका पात्राचे टोपणनाव सॉक्रेटिस आहे. आजची पोरे उद्धट झाली, हे त्याचे म्हणून सांगितले जाणारे रडगाणे १९०७ च्या केंब्रिजमधल्या एका प्रबंधातून आले. ज्याने काही लिहिले नाही त्याच्या नावावर काहीही खपते. यापेक्षा गंभीर कारण म्हणजे या पट्ट्यातली कामाची रीत. विदर्भ, मराठवाडा, खानदेशातून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेला मुलगा ट्रेनी म्हणून लागतो, कंत्राट संपते, दुसऱ्या गेटवर उभा राहतो. ज्याला उद्याची खात्री नाही तो प्रश्न कसा विचारणार? सॉक्रेटिसाला निदान अथेन्सचे नागरिकत्व होते. ज्या गुलामाला ‘मेनो’ संवादात तो भूमिती विचारतो, त्याला तेही नव्हते.

त्या गुलाम मुलावरचा लेख मी वाचकांनी आधी वाचावा असे सुचवतो. दोन फुटी चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढ, असे सॉक्रेटिस त्याला सांगतो. मुलगा बाजू दुप्पट करतो, क्षेत्रफळ चौपट होते. मग तीन फूट घेतो. आठऐवजी नऊ येतात. मग तो म्हणतो, मला येत नाही. तिथून कर्णावर चौरस काढण्यापर्यंत तो जातो. आमच्या निदेशकाने हेच आयटीआयच्या फिटर ट्रेडच्या वर्गात पत्र्यावर मार्किंग करून करायला लावले. काय झाले ते त्याच्याच शब्दांत वाचावे. ‘येत नाही’ हे शब्द तोंडातून बाहेर यायला त्या मुलांना किती वेळ लागला आणि का लागला, यावर त्याने जे लिहिले आहे, ते शिक्षणशास्त्राच्या पुष्कळ पुस्तकांहून सरस आहे.

संग्रहाची मांडणी कालक्रमाने नाही. कुणी कोर्टातल्या भाषणापासून सुरू करतो, कुणी ‘सूर्य पाहिलेला माणूस’च्या आठवणीपासून, कुणी रिजेक्शनच्या ढिगापासून. पांडित्याचा आव कुणी आणलेला नाही. मात्र दोन लेखांत निष्कर्ष काढायची घाई झाली आहे, आणि व्यवस्थापनावरच्या लेखात टाळ्यांची वाक्ये जास्त आहेत.

एक उणीव ठळक आहे, ती सांगितली पाहिजे. एका प्राध्यापिकेचा लेख सोडला तर या पुस्तकात बायका नाहीत. वायर हार्नेसच्या लाइनवर दिवसभर उभ्या असणाऱ्या मुली या पट्ट्यात हजारोंनी आहेत. त्यांच्यातल्या एकीचाही मजकूर संपादकांना मिळवता आला नाही. विषयाच्या दृष्टीनेही हे खटकते. सॉक्रेटिस आपल्या पद्धतीची तुलना करतो ती आईच्या सुईणपणाशी. प्रेमाविषयी जे कळते ते मँटिनियाच्या डायोटिमाने शिकवले असे सांगतो, वक्तृत्वाचे श्रेय ॲस्पेशियाला देतो. आणि त्याची बायको झँथिपी? तुरुंगात शेवटच्या दिवशी ती लहान मूल घेऊन आली होती. रडू लागली म्हणून तिला घरी पाठवले. पुढच्या दोन हजार वर्षांत किस्सेबहाद्दरांनी तिची कजाग बाई करून टाकली. आपल्याकडे तुकोबांच्या बायकोचे, जिजाबाईचे म्हणजेच आवलीचे, हेच झाले. भंडारा डोंगरावर भाकरी घेऊन चढणारी ती. पण कीर्तनात हशा हवा असला की तिलाच उभे करतात. घरात धान्य नसताना नवरा डोंगरावर का जातो, हा तिचा प्रश्न अगदी रास्त होता, आणि झँथिपीनेही असेच काही विचारले असणार. दुसऱ्या आवृत्तीत या दोघींवर एक लेख असावा, आणि तो शक्यतो हार्नेसच्या लाइनवर काम करणाऱ्या कुणी लिहावा, असे मी संपादकांना कळवले आहे. त्यांनी होकार दिला आहे. लेखिका शोधायचे काम मात्र माझ्याच गळ्यात घातले आहे.